पिढीला एकच

भर दुपारची वेळ होती. हेमांगीनं दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, बोटांत पीळ घातला आणि क्षितिजाच्या उजव्या भुवईखाली राहिलेला एक केस पकडायला गेली. केस सरकला.

केस असा सरकत नसतो. त्याला मूळ असतं, उपटेपर्यंत तो जागच्या जागी उभा असतो. नाहीतर थ्रेडिंग हा धंदाच निघाला नसता. हेमांगीनं पुन्हा दोरा लावला. केस पापणीवरून कपाळावर गेला. तिसऱ्यांदा ती नुसतीच बघत राहिली, तर तो क्षितिजाच्या चेहऱ्यावरून उतरून मागच्या पांढऱ्या टाइल्सवर गेला आणि तिथं हळूच खाली घसरू लागला. क्षितिजा पलीकडच्या टॉवरमधली, बँकेत नोकरी करणारी मुलगी. आज रजेवर असूनही तिला घाईच होती. पापणी ताणून, डोळे मिटूनच तिनं झालं का म्हणून विचारलं. हेमांगी म्हणाली, झालं.

ती गेल्यावर हेमांगीनं पार्लरचं काचेचं दार आतून लावलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसली आणि डोकं मागं टाकून छताकडं पाहिलं. छत पांढरं होतं. त्यावर एक काळी बारीक रेघ लोंबत होती. वरच्या टोकाला गाठ, गाठीवर आडवी काडी, खाली दोन फाटे. नीट बघायला जावं तर ती कडेला पळायची. नजर ठरली की थोड्या वेळानं डुलत डुलत परत यायची. डोक्यावर पाटी घेतलेली बाई चालावी, तशी.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती, डॉक्टरकडं धावली असती, निदान नवऱ्याला फोन केला असता. हेमांगीनं यातलं काही केलं नाही. ती त्या बाईला ओळखत होती. लहानपणापासून ऐकत आली होती.

नायगावला आज जिथं वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या खाडीकडच्या अंगाला एक जुनी वस्ती अजून तग धरून आहे. हेमांगीचं माहेर तिथलं. थोडी भातशेती, थोडं मिठागरातलं काम, यावर ते घर पिढ्यान्‌पिढ्या जगलं. हेमांगी पाच-सहा वर्षांची असताना आई गेली. पाठचा भाऊ विकी तेव्हा अंगावरचं दूध पीत होता. दोघांना वाढवलं ते आत्यानं, धोंडूबाईनं. धोंडूबाईला नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून परत पाठवलं होतं आणि ती भावाच्या घरी येऊन घरची मालकीण होऊन बसली होती. जिभेला धार, हाताला चव आणि डोळे ठार गेलेले.

त्या बाईची, सोबतिणीची, गोष्ट धोंडूबाईचीच. ओटीवर बसून हेमांगीचे केस विंचरताना ती सांगायची, चाचपडत भांग पाडत. त्यांच्या बोलीत सोबतिणीला सोबतीन म्हणायचं. फार मागं कधीतरी या घरातली एक बाई मिठागरात पाट्या वाहत होती. एका दुपारी बांध फुटला, भरतीचं पाणी आत आलं. बाकीची माणसं पळाली आणि ही मागंच राहिली. हाका मारत राहिली, पण कुणी वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं तर परत जावं लागलं असतं. पाण्यात तिच्या पाटीतलं पांढरं मीठ काळं झालं, म्हणतात. तेव्हापासून ती घरच्या माणसाला सोबत मागते. येते ती रात्रीबित्री नाही. भर उन्हात, पांढऱ्यावर येते.

"घराला पिढीला एकच मागते," धोंडूबाई सांगायची. "जास्त नाय मागत. पन जिला दिसली तिनं गप रायाचं. कोनाला बोललीस का ती तुला सोडते न् पाठच्याला धरते."

म्हणून धोंडूबाई गप्प राहिली होती. तिच्या पिढीत ती आणि तिचा धाकटा भाऊ धर्मा, म्हणजे हेमांगीचा बाप, अशी दोघंच. आपल्याला दिसली हे तिनं तोंडातून काढलं नाही, आणि काढलं तेव्हा समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती, म्हणजे आता बोलून कुणाचं वाकडं होणार नव्हतं. पुढं कुणीतरी तिचं रक्त तपासलं तर साखर निघाली. ती म्हणाली, असेल. त्या घरात साखर सगळ्यांनाच निघायची आणि तिचं कुणी मनावर घ्यायचं नाही.

धर्मालाही साखर होती. पण त्याच्या पिढीतली एक ठरून गेली होती, तेव्हा त्याच्या डोळ्यांची काळजी कुणी केली नाही. त्या बहीणभावाची जोडी गावाला पाठ होती. शेतावर जाताना बांधावरून आंधळी बहीण एक पाऊल पुढं, तिच्या खांद्यावर हात ठेवून भाऊ मागं. बायका आपल्या मुलांना दाखवायच्या, भाऊ असावा तर असा. हेमांगीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी धोंडूबाई तापानं पडली होती, आणि भरतीच्या वेळी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाचं लाकडी दार लावायला धर्मा एकटाच गेला. तो खाडीत सापडला. लख्ख दुपार होती, बांध पायाखालचा होता, तो पट्टीचा पोहणारा होता. लोकांनी उन्हानं चक्कर आली असेल असं ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याविषयी बोलणं सोडून दिलं.

अशा घरातली ही हेमांगी. आत्याची काठी होऊन ती वाढली. दुसऱ्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन बसायची सवय तिला तिथंच लागली असावी. वसईत ब्यूटी पार्लरचा कोर्स केला, जितेशशी लग्न झालं, माहेरच्याच जमिनीवर उठलेल्या टॉवरमध्ये कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि तळमजल्यावर गाळा भाड्यानं घेऊन पार्लर टाकलं. तिच्या हाताखालून भुवई गेली की दोन्ही बाजू सारख्या, यात वाद नाही. मुलाच्या, वेदांतच्या वेळी साखर निघाली ती बाळंतपणानंतरही गेली नाही. पण हेमांगी आत्यासारखी नव्हती. गोळी वेळेवर, भात मोजून, सकाळी टॉवरभोवती फेऱ्या. डॉक्टर तिचे रिपोर्ट बघून खूश व्हायचे. डोळे दाखवून घ्या, असंही दरवेळी सांगायचे. ती मान हलवायची आणि घरी यायची.

विकीचं उलटं. त्यालाही साखर, पण तो वसईतल्या होळी भागातल्या वाड्यांमधली भाजी टेम्पोनं मुंबईला न्यायचा. वेळीअवेळी खायचा, गोळ्या गाडीच्या कप्प्यात तापत पडायच्या. लग्न जमवून दोनदा मोडलं होतं. गेल्या काही दिवसांत मात्र गडी ताळ्यावर आल्यासारखा दिसत होता. पाठ धरली म्हणून त्यानं टेम्पो विकला आणि हेमांगीच्याच टॉवरच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला. खुर्चीवर बसून असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला आवाजावरून नावानं हाक मारायचा आणि रहिवाशांना त्याचं मोठं कौतुक वाटायचं.

तर त्या दुपारी, रिकाम्या पार्लरमध्ये, हेमांगीच्या मनात पहिल्यांदा आलं ते विकीचं नाव. सोबतीन आपल्याकडं आली, म्हणजे विकी सुटला. बिचाऱ्याच्या आयुष्यात आधीच काही धड झालेलं नाही. तिला चक्क हलकं वाटलं. माणूस किती वेडं असावं याला काही सुमार असतो, पण माया आली की तो राहत नाही. तिनं उठून दार उघडलं, तोंडावर पाणी मारलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

त्यानंतरचे महिने तिनं त्या बाईबरोबर काढले. बाई पांढरं शोधायची. तांदूळ निवडायला घेतले की ताटात असायची, आणि हेमांगी नसलेला खडा उचलत बसायची. वेदांतच्या शाळेच्या शर्टावर असायची, दुधाच्या पातेल्यात असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुन्या मिठागराचा शिल्लक तुकडा दिसतो. दुपारी तिथं मिठाचे ढीग पांढरेफटक तळपायचे, आणि त्या ढिगांच्या मधून ती पाटी घेऊन चाललेली असायची, अगदी आपल्या जागी असल्यासारखी. हेमांगी भांडी घासता घासता तिच्याशी मनात बोलायला लागली. जरा थांब गो, कुकर लावते. आज दोन आयब्रो आणि एक फेशियल आहे, तेवढं होऊ दे.

मग एके दिवशी पाटी सांडायला लागली. आधी एकदोन काळे कण, मग बारीक धार, आणि मान हलवली की सगळा डोळा काळ्या मिठानं भरून जायचा. कण हळूहळू तळाशी बसायचे. सकाळी उठल्यावर थोडं स्वच्छ असायचं, दुपारपर्यंत परत गढूळ. हेमांगीनं पार्लरमध्ये एक जास्तीचा दिवा लावला. भुवई आता ती बोटाच्या टोकानं वाचायची. आत्या तिचा भांग पाडायची, तसं.

बोलावंसं तिला दोनतीनदा वाटलं. जितेश रात्री जेवताना ऑफिसचं सांगत असायचा, त्याच्या तोंडावरून काळी धार उतरत असायची, आणि तिच्या ओठांवर यायचं. पण खाली फाटकावर विकी बसलेला असायचा. ती घास गिळायची.

पापडी गावच्या चर्चचा सण जवळ आला तशी पॉलिन आली. ही तिची जुनी गिऱ्हाईक, साठी उलटलेली, गोरीपान, बोलायला बसली की केसांचा रंग वाळून जाईल तरी थांबायची नाही. त्या दिवशी काळा चष्मा लावून आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडून येतेय म्हणाली. थेंब घालून पडदा तपासला, वर्षाला एकदा तपासतात. तिची साखर जुनी, लेकाच्या लग्नाच्याही आधीची, आणि कधी ताळ्यावर नसलेली. घरी केक भाजला की पहिला तुकडा ती स्वतःच खायची. तरी डॉक्टरनं सांगितलं होतं की डोळ्याला अजून काही म्हणता काही नाही. डॉक्टरलाही नवल वाटलं होतं.

हेमांगीच्या हातातला ब्रश थांबला. ही एवढं गोड खाते, हिचे डोळे स्वच्छ. मी भात मोजून खाते, माझ्या डोळ्यांत मीठ सांडतंय. म्हणजे साखरेचा याच्याशी काही संबंध नाही. जे आहे ते घरातलंच आहे. इतके दिवस मनात कुठंतरी कोपऱ्यात थोडी शंका होती, ती पॉलिनच्या चष्म्यानं पुसून टाकली, आणि हेमांगीला आतून गार वाटलं.

विचार अर्धा बरोबर होता. नेमका म्हणूनच तो घातक होता.

रंग धुऊन झाला, पॉलिन भुवया करायला मागं रेलली. हेमांगीनं दोरा दातात धरला, आणि उजव्या डोळ्यात वरून काहीतरी सुटलं. यावेळी कण नव्हते. दाट, तांबडंकाळं पाणी भिंत फुटल्यासारखं आत आलं आणि पॉलिनचा चेहरा, टाइल्स, दिवा सगळं त्याखाली गेलं. हेमांगी ओरडली नाही. तिनं दोऱ्याचा पीळ तसाच धरला आणि हवेतच दोन-तीनदा ओढला. पॉलिन डोळे उघडून बघत होती.

"कुनाचे केस काढतेस गो?" पॉलिन म्हणाली.

हेमांगीनं दोरा खाली ठेवला. पावडरचा डबा घ्यायला हात लांब केला तो डब्याच्या शेजारी रिकाम्या जागी बसला. एवढं पाहिल्यावर पॉलिननं पुढं काही विचारलं नाही. भुवया तशाच ठेवून उठली, हेमांगीच्या दंडाला धरलं, दुकानाला कुलूप घातलं आणि रिक्षात बसवून, सकाळी ज्यांच्याकडून आली होती त्याच डॉक्टरकडं घेऊन गेली. फाटकातून रिक्षा बाहेर पडताना विकीनं, कोण आहे म्हणून विचारलं. हेमांगी तोंड फिरवून गप्प बसली. त्याला कळू द्यायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे ब्रेंडा, चाळिशीच्या आतली, वसईचीच. तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, दुर्बिणीतून पाहिलं आणि पाहत राहिली. मग हेमांगीचे साखरेचे रिपोर्ट मोबाइलवर मागवून घेतले आणि ते पाहिल्यावर पुन्हा एकदा डोळे तपासले. दोन्हींचा मेळ तिला बसत नव्हता. एवढ्या आटोक्यात राहिलेल्या साखरेला डोळ्याची ही अवस्था व्हायला नको होती. पडद्यावर कच्च्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत, तिनं सांगितलं. त्या फुटतात, आत रक्त सांडतं, आणि त्या रक्ताच्या सावल्या तुम्हाला समोर फिरताना दिसतात. बरेच महिने दिसत असणार.

रक्त आणि सावली, एवढेच शब्द हेमांगीनं धरले. आत्यानं तरी वेगळं काय सांगितलं होतं?

मग ब्रेंडानं घरात आणखी कुणाचे डोळे गेले होते का विचारलं. हेमांगी म्हणाली, आत्याचे. ब्रेंडानं हातातली बॅटरी खाली ठेवली. काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं, ती म्हणाली. साखर दोघांना सारखीच असते, पण एकाच्या पडद्याला ती वर्षानुवर्षं बाधत नाही आणि दुसऱ्याचा पडदा थोडक्यात नासतो. तिनं बाहेर बसलेल्या पॉलिनकडं बोट केलं. याला एकच एक कारण नाही, बारीकसारीक बऱ्याच गोष्टी आईबापांकडून येतात. सगळं आम्हालाही अजून उलगडलेलं नाही. म्हणून तर साखर बरी असली तरी डोळे दरवर्षी बघायचे असतात, आणि तुमच्यासारख्या घरात तर चुकवायचेच नसतात. उजव्या डोळ्याचं आताच सांगता येत नाही. डावा वाचेल, आजपासून लेसर सुरू केलं तर.

हेमांगीनं सगळं ऐकून घेतलं. मग इतके महिने दाबून ठेवलेला प्रश्न तिच्या तोंडून निघालाच.

"पण ती एकच घेते ना? भावंडांत एकच?"

"ती कोण?" ब्रेंडानं विचारलं.

 ब्रेंडा हसली नाही. वसईत जन्मलेल्या माणसाला कुठं हसायचं नाही ते कळतं. ती खुर्ची जवळ ओढून बसली आणि सावकाश म्हणाली, "जे कोण असेल ते, मोजत नाही. एकाला झालं म्हणून दुसरा सुटला, असं नसतं. एका आईबापाची जेवढी मुलं, तेवढ्या सगळ्यांना असू शकतं. भाऊ आहे? साखर आहे त्याला? मग आजच आणा. आणि तुम्हाला मुलं किती?"

"एकच," हेमांगी म्हणाली, आणि तो शब्द तिला स्वतःच्या तोंडून ऐकू आला. पुढच्या पिढीत वेदांत एकटाच होता. पिढीला एकच, हे लहानपणापासून किती दिलाशाचं वाटत आलं होतं. तो आकडा आपल्या पोराच्या डोक्यावर जाऊन बसेल, असं तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

डाव्या डोळ्याला लेसर होऊन, उजव्यावर पट्टी लावून ती बाहेर आली तेव्हा ऊन अजून कडक होतं. पॉलिननं तिला माहेरच्या दारात सोडलं. विकीची पाळी संपली होती, तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. पलीकडं धोंडूबाई सुपात चिंचा घेऊन चिंचोके काढत होती. आता फार थकली होती, पण हात चालू होते. समोर खाजण, त्यापलीकडं खाडी. भरती लागली होती.

हेमांगी पायरीशी उभी राहिली. रिक्षात तिनं सगळं ठरवलं होतं, डॉक्टरचा शब्द न् शब्द पटला होता, आणि तरी इथं, या ओटीसमोर, तिची जीभ उचलेना. बोलले, आणि आत्याचंच खरं निघालं तर? आता या क्षणी ती मला सोडून त्याला धरेल. तिच्या उघड्या डोळ्यात बाई उभी होती, विकीच्या पांढऱ्या बनियनवर, आणि यावेळी पळत नव्हती. जणू ऐकायला थांबली होती.

"विकी," हेमांगी म्हणाली, "मना सोबतीन दिसते. लय दिवस झाले. माझा एक डोळा गेल्यात जमा हाय. तू आत्ता माझ्यासंगती डॉक्टरकडं चल."

धोंडूबाईचा हात सुपात थांबला.

 विकी असा की रिकाम्या जागेतही बडबड भरून टाकेल. आता तो खाली मान घालून बसला. मग त्यानं हात पुढं केला, आणि तो हेमांगीपासून वीतभर डावीकडं गेला. तेव्हा तिला दिसलं. खुर्चीवर बसून आवाजावरून नावं घेणारा वॉचमन. दुखणारी पाठ. विकलेला टेम्पो.

"तुझ्याकडं कशी येल, ताय?" तो म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. "ती तर माझ्याकडं हाय. टेम्पो विकला तवापासून. मी कोनाला बोललो नाय. तू सुटावीस म्हनून."

हेमांगी पायरीवर बसली. तिला रडू आलं, आणि रागही आला, इतका की त्याला धरून हलवावंसं वाटलं, आणि तो राग नेमका कुणावर करायचा ते कळेना. दोघं एकाच इमारतीत, एक वर आणि एक खाली, रोज एकमेकांना हाक मारून जात होती. एकमेकांना वाचवत होती. आणि दोघांच्या डोळ्यांत मीठ सांडत होतं.

"दोगांना?" धोंडूबाई म्हणाली.

 म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. तिचे पांढरे पडलेले डोळे खाडीकडं होते. ती बराच वेळ काहीतरी जुळवत होती, आणि ते जुळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला, इतका की हेमांगी रडायची थांबली.

"म्हंजे धर्माला पन," धोंडूबाई म्हणाली.

विकीनं, बाबाचे डोळे चांगले होते असं काहीतरी म्हटलं. तिनं हातानं त्याला थांबवलं.

"बांधावर मना नेहमी पुढं घालायचा. माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचा, तू पुढं चाल आक्का, तुझ्या पायाला वाट ठावी हाय. मना वाटायचं, माझं मन राखतो." तिनं आपला खांदा चाचपला. "लोक बोलायचे, भाऊ बहिनीला नेतो. त्याला मी नेत व्हते. मनाच ठावं नव्हतं."

भरतीचं पाणी बांधाला लागल्याचा आवाज येत होता. हेमांगीला वडिलांचा हात आठवला. खांद्यावर ठेवलेला, घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत घट्ट. सगळ्या गावानं तो पाहिला होता.

"त्या दिवशी मना ताप व्हता," धोंडूबाई म्हणाली. "तो बोलला, झोप तू, मी जाऊन येतो. दारात उभा राहिला. मना वाटलं, चपला शोधतो."

मग ती उठली. भिंतीला हात न लावता ओटीवरून चालत आली, पायरी उतरली, हेमांगीचा खांदा चाचपून तिला उठवलं. दुसऱ्या हातानं विकीला ओढलं. रिक्षा नाक्यावर मिळते, वाट खाजणाच्या कडेकडेनं जाते आणि दुपारचं पाणी तिथं पार काठाशी आलेलं असतं. विकी म्हणत होता, आत्या तू बस, आम्ही जातो. तिनं ऐकलं नाही. त्याचा हात घेऊन तिनं तो आपल्या खांद्यावर ठेवला, त्याच्यामागं हेमांगीला लावलं, आणि पुढं झाली.

"घट्ट धर," ती म्हणाली. "न् दिसत नसंल तर बोल."